विकिपीडियावर 'हा आमचाच' वरून भांडण लागलं तर काय करायचं

विकिपीडियावर दोनचार महिने जरी एडिट करत असाल तरी हा प्रकार तुम्ही पाहिलाच असेल. एखाद्या शास्त्रज्ञाचं पान असतं, पहिल्याच वाक्यात 'अमुक देशाचा शास्त्रज्ञ' लिहिलेलं असतं, कुणीतरी येऊन तो देश बदलतो, दहा मिनिटांत दुसरा कुणीतरी परत आधीचा देश टाकतो, मग पहिला पुन्हा येतो, आणि खाली त्या माणसाने आयुष्यभर काय काम केलं हे लिहिलेले चार हजार शब्द असतात त्यांना कुणी हातसुद्धा लावत नाही. एका विशेषणासाठी लोक रात्र रात्र जागतात. मी पण जागलोय, त्यामुळे हसायचा हक्क मला नाही.

खाली जे लिहितोय ते मुख्यतः इंग्रजी विकिपीडियाच्या नियमांवरून आहे कारण ही भांडणं तिथे सगळ्यात जास्त चालतात आणि नियमही तिथेच सगळ्यात बारीक लिहिलेत. प्रत्येक भाषेच्या विकीचे स्वतःचे नियम आणि स्वतःचे प्रचालक (नियम पाळले जातात का ते बघणारे, गरज पडली तर खातं ब्लॉक करणारे स्वयंसेवक) असतात, तेव्हा आपल्या विकीवर काय चालतं ते एकदा बघून घ्या. पण पडताळणी, तटस्थपणा आणि 'स्वतःचं संशोधन नको' या तीन गोष्टी जवळपास सगळीकडे पायाला आहेत.

आधी भांडण नक्की कशावर चाललंय ते ठरवा. हे ऐकायला फालतू वाटेल, पण निम्मी भांडणं इथेच संपतात. विजेवर काम करणारा संशोधक निकोला टेस्ला घ्या, हे या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं पान. जन्म १८५६, गाव स्मिल्यान, ते गाव तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात, आज क्रोएशियात. घर सर्ब, वडील ऑर्थोडॉक्स चर्चचे पाद्री. १८८४ ला अमेरिकेत गेला, १८९१ ला अमेरिकन नागरिक झाला. आता 'टेस्ला कुठला?' या एका प्रश्नात किमान चार प्रश्न आहेत ना: जन्मला कुठे, ती जागा तेव्हा कुणाच्या राज्यात होती आणि आज कुणाच्या, घरचे कोण, आणि नागरिक कुठल्या देशाचा. एकजण जन्मगावाचा पुरावा देतो, दुसरा आईबापांचा देतो, दोघांचेही पुरावे खरे, आणि दोघंही एकमेकांना खोटारडे म्हणतात. विकिडेटावर, म्हणजे सगळ्या भाषांच्या विकींसाठी माहिती रकान्यांत साठवणाऱ्या साइटवर बघा, तिथे जन्मस्थान वेगळा रकाना, नागरिकत्व वेगळा, वांशिक गट वेगळा. भांडणात उडी मारण्याआधी कागदावर असेच रकाने आखा आणि प्रत्येकापुढे सोर्स काय म्हणतो ते लिहा. बहुतेक वेळा दिसेल की तीन रकान्यांवर दोन्ही बाजूंचं एकमत आहे, भांडण एकाच रकान्याचं आहे, किंवा मग फक्त एवढंच की यातला कुठला रकाना पहिल्या वाक्यात घ्यायचा.

त्या पहिल्या वाक्यासाठी नियम आहे आणि तो वाचलेला बरा, कारण समोरच्याने बहुतेक वाचलेला नसतो. चरित्राच्या सुरुवातीला साधारणपणे तो देश लिहायचा जिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी असताना माणूस नावारूपाला आला. वंश, धर्म, जन्मस्थान, आधीचं नागरिकत्व हे पहिल्या वाक्यात घ्यायचं नाही, ते त्याच्या कामाशी थेट जोडलेलं असेल तरच. फ्रेडी मर्क्युरी १९४६ ला झांझिबारमध्ये जन्मला, आईवडील भारतातले पारशी, बोर्डिंग स्कूल भारतात, १९६४ ला कुटुंब इंग्लंडला गेलं, आणि गायक म्हणून जे काही झालं ते सगळं तिथे. म्हणून पहिल्या वाक्यात ब्रिटिश, आणि बाकीचं सगळं बालपणाच्या भागात व्यवस्थित, सोर्ससकट. आपल्याला तिथे 'भारतीय वंशाचा' घुसवायचा मोह होतो हे मला मान्य आहे, पण खाली अख्खा परिच्छेद असताना वर एक शब्द कोंबून आपण वाचकाला जास्त काही सांगत नाही, फक्त आपली कॉलर ताठ करतो.

आणि कधी कधी विशेषण काढूनच टाकायचं. लोक हे विसरतात. खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकस १४७३ ला तोरून गावी जन्मला, तो भाग रॉयल प्रशिया, पोलंडच्या राजाच्या छत्राखाली, घरात जर्मन बोलणं, लिखाण लॅटिनमध्ये. पोलिश म्हणायचं का जर्मन यावर दोन्हीकडच्या लोकांनी शतकभर शाई सांडली आणि मग तेच विकीवर आणलं. इंग्रजी पानाने काय केलं तर पहिल्या वाक्यात त्याला नुसता रेनेसाँ काळातला बहुविद्यापारंगत म्हटलं आणि राष्ट्रीयत्वाच्या वादाला खाली स्वतंत्र भाग दिला, ज्यात आजच्या अर्थाचं राष्ट्रीयत्व त्याला लावण्यात अर्थ आहे का हा प्रश्नही घेतलाय. माझ्या मते हा सगळ्यात शहाणा तोडगा. पासपोर्ट ही चीज नव्हती त्या काळातल्या माणसांना पासपोर्ट वाटायची घाई आपल्यालाच असते.

उलट केसही आहे. मेरी क्युरी १८६७ ला वॉर्सात जन्मल्या तेव्हा तिथे रशियन साम्राज्याचं राज्य होतं, नकाशावर पोलंड नावाचा स्वतंत्र देशच नव्हता. म्हणून त्यांना रशियन म्हणायचं का? बाईंनी १८९८ ला सापडलेल्या मूलद्रव्याला पोलोनियम नाव दिलं, म्हणजे त्यांना स्वतःला काय वाटत होतं ते त्यांनी आवर्त सारणीत कोरून ठेवलंय. लग्नानंतर फ्रेंच नागरिकत्व, काम सगळं पॅरिसला. इथे एक विशेषण उडवलं तर माहितीच कमी होते, म्हणून दोन्ही ठेवायचे. थोडक्यात, सरसकट एकच फॉर्म्युला लावू नका.

आता सोर्स. खरी मारामारी इथे आहे आणि खरं काम पण इथेच आहे.

'माझ्याकडे सोर्स आहे' आणि 'हे वाक्य माझ्या सोर्समध्ये आहे' यात जमीन अस्मानाचा फरक आहे. पुस्तकात लिहिलंय की अमुक माणूस तमुक गावी जन्मला. दुसऱ्या पुस्तकात लिहिलंय की ते गाव त्या साली या देशात होतं. तुम्ही दोन्ही जोडून लिहिता 'या देशाचा कवी' आणि खाली दोन्ही पुस्तकांचे संदर्भ टाकता, दिसायला एकदम भक्कम. पण ते वाक्य कुठल्याच पुस्तकात नाहीये, ते तुम्ही तयार केलंय. विकीच्या भाषेत हे स्वतःचं संशोधन झालं आणि समोरच्याला नियम माहीत असेल तर तो दोन मिनिटांत उडवेल आणि ते बरोबरच असेल. म्हणून संदर्भ देताना पुस्तकाचं नुसतं नाव नको, पान नंबर द्या, आणि वाद असेल तर मूळ वाक्य जसंच्या तसं संदर्भात टाका, त्यासाठी संदर्भाच्या साच्यात (तयार फॉर्ममध्ये) जागा असते. दुसऱ्याने दिलेला संदर्भही उघडून वाचा. मला किती वेळा असं सापडलंय की सहा संदर्भांचे आकडे एका ओळीत लावलेत, त्यातल्या दोन लिंक मेलेल्या, दोनमध्ये त्या माणसाचा फक्त नावापुरता उल्लेख, आणि एकात तर उलटच लिहिलंय. एका शब्दामागे सहा आकडे दिसले की समजायचं इथे युद्ध झालंय.

नोटा, नाणी, पोस्टाची तिकिटं, वकिलातीची वेबसाइट, पर्यटन खात्याचं पान, हे लोक हटकून आणतात. सर्बियाच्या १०० दिनारच्या नोटेवर टेस्ला आहे, बेलग्रेडच्या विमानतळाला त्याचं नाव आहे. क्रोएशियाने २०२३ ला युरो घेतला तेव्हा त्यांच्या १०, २० आणि ५० सेंटच्या नाण्यांवर पण टेस्ला आला, आणि त्याआधीच सर्बियाच्या मध्यवर्ती बँकेने त्यावर आक्षेप घेतला होता. आता नोट काय सिद्ध करते? एवढंच की तो देश या माणसाला आपला मानतो. ते वाक्य लिहायला नोट चालेल, 'तो त्या देशाचा होता' हे लिहायला चालणार नाही. त्यासाठी त्या विषयावर काम केलेल्या इतिहासकाराचं पुस्तक, विद्यापीठाच्या प्रेसचं चरित्र असेल तर उत्तम, आणि शक्य असेल तर दोन्ही देशांच्या बाहेरच्या कुणाचं तरी. दुसरे विश्वकोश काय म्हणतात तेही बघायचं, सोर्स म्हणून कमी आणि बाकीच्यांनी हा तिढा कसा सोडवला ते कळावं म्हणून जास्त. गूगलवर कुठल्या शब्दाला किती रिझल्ट आले हे मात्र आणू नका, हसं होतं.

एक माझी फजिती सांगतो. एका जुन्या वाद्याच्या पानावर त्याचं मूळ कुठलं यावरून आमची जुंपली होती आणि मला एक छापील, चकचकीत पुस्तक सापडलं ज्यात मला हवं तेच वाक्य होतं. पान नंबरासकट टाकलं, वर 'आता तरी पटलं का' असा शहाणपणाही केला. समोरचा माणूस शांत होता. त्याने पानाच्या इतिहासातली एक जुनी आवृत्ती दाखवली, पुस्तक छापून येण्याच्या कितीतरी आधीची, आणि त्यात तेच वाक्य होतं, तोच स्वल्पविराम आणि एका गावाच्या नावातली तीच स्पेलिंगची चूक. पुस्तकवाल्याने विकीवरून उचललं होतं आणि मी तेच पुस्तक विकीला पुरावा म्हणून देत होतो. हा गोल गोल फिरणारा प्रकार नवा नाही. २००८ ला एका अमेरिकन विद्यार्थ्याने गंमत म्हणून कोआटी या प्राण्याच्या पानावर 'ब्राझिलियन आर्डवार्क' असं टोपणनाव घुसवलं आणि काही वर्षांत ते वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांत छापून आलं, मग तेच संदर्भ म्हणून परत पानावर आले. तेव्हा सोर्स सापडला की त्याचं छापलेलं वर्ष बघा आणि ते वाक्य विकीवर पहिल्यांदा कधी आलं ते इतिहासात शोधा. इतिहासाच्या पानावर त्यासाठी शोधायचं टूल असतं, पाच मिनिटं लागतात. माझा पडलेला चेहरा बघायला तेव्हा कुणी नव्हतं एवढंच बरं.

माणसांपेक्षा शोधांची पानं जास्त वाईट असतात. रेडिओ कुणी शोधला? रशियात पोपोव म्हणतील, तिथे ७ मेला रेडिओ दिनच असतो कारण १८९५ ला त्या दिवशी त्याने आपलं यंत्र दाखवलं होतं. इटलीत मार्कोनी, आपल्याकडे जगदीशचंद्र बोस, आणि टेस्ला इथेही हजर आहेच. यावर उपाय एकच, 'शोधला' हे क्रियापद फेकून द्या. कुणी कुठल्या साली नेमकं काय केलं ते लिहा: पोपोवने १८९५ ला विजांमुळे उठणाऱ्या लहरी पकडणारा रिसीव्हर दाखवला, मार्कोनीने १८९६ ला ब्रिटनमध्ये पेटंटसाठी अर्ज केला, बोसांनी त्याच दशकात कोलकात्यात मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले आणि १९०४ ला त्यांना डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट मिळालं. असं लिहिलं की प्रत्येक वाक्याला स्वतःचा सोर्स मिळतो आणि 'पहिला कोण' हा प्रश्न वाचकाकडे जातो, त्याचं तो बघेल. 'पहिला', 'मूळचा', 'जनक' हे तीन शब्द दिसले की मी आधी संदर्भ बघतो.

गावांच्या नावांचं पण असंच. इथे सालाप्रमाणे लिहायचं: जन्म तेव्हाच्या नावाच्या आणि तेव्हाच्या राज्याच्या गावी, पुढे 'आजचं अमुक'. पोलंडमधल्या एका बंदराला पोलिश नावाने ग्दान्स्क म्हणायचं की जर्मन नावाने डान्झिश यावर इंग्रजी विकीवर इतकी मारामारी झाली की २००५ ला मतदान घ्यावं लागलं. ठरलं असं की १३०८ ते १९४५ या काळासाठी डान्झिश आणि त्याच्या आधी व नंतर ग्दान्स्क. दोन्ही बाजू थोड्या थोड्या नाराज झाल्या, पण निदान रोज उठून तेच भांडण तरी थांबलं.

बरं, हे सगळं करूनही समोरचा ऐकत नाही. मग काय?

रिव्हर्ट मारू नका, म्हणजे समोरच्याचा बदल उलटवत बसू नका. म्हणजे एकदा मारा, कारण लिहून, आणि लगेच चर्चापानावर, म्हणजे त्या पानाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर जा. चोवीस तासांत एका पानावर तीनपेक्षा जास्त रिव्हर्ट झाले की खातं ब्लॉक होण्याची पाळी येते, आणि दर वेळी वेगळा मजकूर उलटवला तरी ते मोजले जातात. तीन म्हणजे हक्काचे तीन असंही नाही, दोनातही एडिट वॉर होतं. 'पण मी बरोबर होतो' हे तिथे चालत नाही. पूर्व युरोप, बाल्कन, आर्मेनिया-अझरबैजान, भारत-पाकिस्तान, अरब-इस्रायल अशा विषयांवर तर इंग्रजी विकीने वेगळे कडक नियम लावलेत, तिथे प्रचालक जास्त वेळ समजावत बसत नाहीत. पानाच्या चर्चापानावर वर पट्टी असते, ती वाचा. आणि माणूस जिवंत असेल तर बिनसंदर्भाची वादग्रस्त माहिती चर्चेची वाट न बघता काढायची असते, तिथे नियम आणखी कडक आहे.

चर्चापानावर काय लिहायचं हे बऱ्याच जणांना जमत नाही. लोक लिहितात, 'तुम्ही राष्ट्रवादी प्रचार करताय, इतिहास वाचा.' यावर उत्तर म्हणून समोरून फक्त तेच परत येऊ शकतं. त्यापेक्षा साधारण असं लिहा:

'सध्या पहिल्या वाक्यात एका देशाचं नाव आहे. मी तीन चरित्रं पाहिली. पहिल्यात पान ४१ वर फक्त जन्मगाव दिलंय, राष्ट्रीयत्व नाही. दुसऱ्यात पान ११२ वर त्याने नागरिकत्व कधी घेतलं ते आहे. तिसरं चरित्र त्याला दोन्हीकडचा म्हणतं, वाक्य खाली देतोय. माझा प्रस्ताव: पहिल्या वाक्यातून देश काढू आणि जन्म व नागरिकत्व दुसऱ्या परिच्छेदात सालासकट लिहू. तुमच्याकडे याहून चांगला सोर्स असेल तर पान नंबर द्या, मी वाचतो.'

यात कुणाला काही म्हटलेलं नाही, आणि तिसरा कुणी आला तर त्याला एका मिनिटात सगळं कळतं. तुम्ही हे त्या तिसऱ्यासाठीच लिहिताय, समोरच्याला पटवणं हे बहुतेक वेळा होतच नाही. शेवटचं वाक्य मात्र मनापासून लिहा, कारण कधी कधी तो खरंच पान नंबर देतो आणि मग तुम्हाला वाचावं लागतं.

दोघातच अडकलं असेल तर 'तिसरं मत' मागता येतं. सोर्स चालेल का यावर अडलं असेल तर सोर्सच्या विश्वासार्हतेचा वेगळा फलक आहे, तिथे विचारा, पण पुस्तक, पान आणि ते कुठल्या वाक्यासाठी वापरायचंय हे तिन्ही सांगून विचारा, नुसतं 'हे पुस्तक चांगलं आहे का' विचारलं तर उत्तरही तसंच मोघम मिळतं. त्यापुढे खुली मतमागणी, म्हणजे बाकीच्या संपादकांनाही मत विचारणं, ती साधारण तीस दिवस चालते. तिचा प्रश्न तटस्थ शब्दांत मांडा, 'पुरावे असूनही हे लोक ऐकत नाहीत' अशी सुरुवात केलीत तर पहिले दोन दिवस तुमच्या प्रश्नावरच भांडण होईल.

आणि एक करू नका, व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकून 'सगळे या आणि मत द्या' असं बोलावणं धाडू नका. दुसऱ्या दिवशी वीस कोरी खाती येतात, सगळी एकच वाक्य लिहितात, आणि तुमची बाजू बरोबर असली तरी पडते. मतमागणीचा निकाल लिहिणारा डोकी मोजत नाही, मुद्दे मोजतो, आणि अशी गर्दी दिसली की त्याचा सगळ्याच मुद्द्यांवरचा विश्वास उडतो. शिवाय त्या वीस जणांमुळे तुमचं स्वतःचं खातं संशयात येतं ते वेगळंच.

एकदा काही ठरलं की ते तिथेच दिसेल असं करून ठेवा. पानाच्या कोडमध्ये त्या वाक्याशेजारी लपलेली टीप टाकता येते, वाचकाला ती दिसत नाही, एडिट करणाऱ्याला दिसते: 'इथला देश बदलण्याआधी चर्चापान बघा', सोबत चर्चेच्या विभागाचं नाव. जुनी चर्चा संग्रहात गेली की तिची लिंक चर्चापानाच्या माथ्यावर लावा. माहितीचौकट (पानाच्या कडेला थोडक्यात माहिती देणारी चौकट) पण तपासा, कारण लोक मजकुरावर महिनाभर भांडून एकमत करतात आणि चौकटीत जुनाच देश राहून जातो, किंवा कुणीतरी हळूच झेंडा चिकटवून जातो. झेंडे तिथून काढा, चरित्राच्या चौकटीत जन्ममृत्यूच्या जागेपुढे झेंडे नकोत असाच संकेत आहे. मग विकिडेटावर जाऊन तिथलाही रकाना बघा, बऱ्याच भाषांच्या चौकटी तिथूनच भरल्या जातात, म्हणजे इकडे निस्तरलेलं भांडण तिकडून दुसऱ्या भाषेच्या पानावर उगवायला नको.

पान निरीक्षणसूचीत ठेवा, म्हणजे त्यावर बदल झाला की तुम्हाला कळेल. पाचसहा महिन्यांनी नवं खातं येईल आणि तोच शब्द बदलेल, एडिट समरीत (बदलाचं कारण लिहायच्या ओळीत) 'चूक दुरुस्त केली' असं लिहून. त्याला बिचाऱ्याला आधीचं काहीच माहीत नसतं. जुन्या चर्चेची लिंक द्या, आणि त्याने संदर्भ दिला असेल तर आधी तो उघडून बघा.